मारिओ ३ मधल्या 'जोड्या जुळवा': काही महिने खेळल्यावर

'सुपर मारिओ ब्रदर्स ३' हा व्हिडिओ गेम जपानमध्ये १९८८ साली आला. पुण्यात आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी तो बुधवार पेठेतून आणलेल्या डुप्लिकेट कॅसेटवर खेळला असेल, त्यामुळे गेम कसा आहे हे सांगत बसत नाही. मी लिहितेय ते त्यातल्या पत्त्यांच्या छोट्या खेळाबद्दल. आमच्याकडे स्विचवर (निन्टेंडोच्या गेम खेळायच्या यंत्रावर) सध्या तोच चालतो, मारिओ नुसता निमित्ताला.

८०,००० पॉइंट झाले की गेमच्या नकाशावर 'एन' लिहिलेला इस्पिकचा पत्ता उगवतो. आत १८ पत्ते पालथे, सहा-सहाच्या तीन ओळी. दोन उलटायचे, जुळले तर त्यावरची वस्तू आपली: मश्रूम, फूल, तारा, नाणी, नाहीतर एक जादा लाइफ. दोनदा चुकलात की बाहेर.

पण बाहेर पडलं तरी डाव मोडत नाही, आणि मला हेच सगळ्यात आवडलं. पुढच्या ८० हजारांनी परत याल तेव्हा जुळलेल्या जोड्या उघड्या आणि उरलेले पत्ते जागच्या जागी. मध्ये दोन-चार दिवस गेलेले असतात, मुलगा विसरलेला असतो. सासूबाई विसरत नाहीत. त्यांना मारिओची पहिली उडी जमत नाही, पण गवार मोडता मोडता मान वर न करता सांगतात, "वरच्या ओळीत शेवटून दुसरं, फूल."

"आजी, तू लिहून ठेवलंयस!"

"लिहायचं काय त्यात? जन्मभर मेंढीकोट खेळलेय मी."

मारिओ बनवणारी निन्टेंडो कंपनी १८८९ साली क्योटोत सुरू झाली तीच मुळी हानाफुदा नावाचे पत्ते बनवत. तेव्हा पत्त्यांची नस त्यांना सापडली, यात नवल नाही. नकाशावरचं दुसरं, 'एन' नसलेलं साधं इस्पिकाचं घर, तीन पट्ट्या थांबवून चित्र जुळवायचं, ते मात्र मला अगदीच जत्रेतलं वाटतं.

आता कुरकुर. पत्त्यांच्या मांडण्या एकूण आठच. त्या एकदा कळल्या की दोन-तीन पत्ते उलटल्यावर बाकीचा पट आपोआप समजतो. चिरंजीवांनी आठही मांडण्या गणिताच्या वहीत मागे काढल्या आणि गंमत निम्म्यावर आली. वही आता आजींच्या ताब्यात आहे. शिवाय स्विचवर खेळ मागे नेता येतो. चुकलेला पत्ता बघायचा, मागे यायचं, पुन्हा उलटायचा. मग लक्षात ठेवायचं कशाला? आमच्याकडे पत्त्यांच्या घरात ते बटण बंद, असा नियमच केलाय. आणि ८०,००० पॉइंट म्हणजे नवख्याला फार. लहान मूल तोवर कंटाळून उठतं.

मी पाचपैकी चार देईन. निन्टेंडोचं ऑनलाइन सभासदत्व आधीच असेल तर हा जुना गेम त्यात येतोच, जरूर खेळा. केवळ जोड्यांसाठी स्विच घेऊ नका, घरातला पत्त्यांचा कॅट पुरे. फक्त अर्धा राहिलेला डाव आठवडाभर तसाच ठेवायचा तर हॉलमधली सतरंजी अडवून ठेवावी लागेल, आणि ते आमच्या दोन खोल्यांत तरी जमणारं नाही.