बोरिक, ॲलन की फाटक? छोट्या संदर्भपुस्तकांची निवड

होमिओपॅथीच्या औषधांचं छोटं पुस्तक सुचवा म्हटलं, की बहुतेक जण विल्यम बोरिक यांचं ‘पॉकेट मॅन्युअल’ सांगतात. पुस्तक उत्तमच आहे, पण नवशिक्याने सुरुवात त्यापासून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बोरिकमध्ये सहाशेहून अधिक औषधं आहेत. प्रत्येकाची मन, डोकं, डोळे अशी क्रमाने लक्षणं, मग त्रास कशाने वाढतो, कशाने कमी होतो, जवळची औषधं आणि शेवटी मात्रा. ही मात्रा लेखकाची शिफारस आहे, नियम नव्हे. घेताना १९२७ ची नववी आवृत्ती बघून घ्या. तिला ऑस्कर बोरिक यांची रेपर्टरी, म्हणजे लक्षणांवरून औषध शोधायची सूची, जोडलेली आहे. अडचण एकच: लक्षणांच्या गर्दीत मुख्य कोणतं, हे नवख्याला चटकन उमगत नाही.

एच. सी. ॲलन यांची ‘कीनोट्स’ तिथेच कामी येतात. कीनोट म्हणजे औषधाची ठळक ओळख पटवणारं लक्षण. औषधं बरीच कमी, पण अशी निवडक लक्षणं आणि सोबत तुलना. ब्रायोनिया पाहा: जरा हललं की दुखणं वाढतं, दुखऱ्या कुशीवर निजलं की बरं वाटतं, तहान मोठी पण बऱ्याच वेळाने. रस टॉक्समध्ये उठताना अंग आखडलेलं, पण चालत राहिलं की मोकळं होतं. ही जोडी एकदा नीट वाचली की विसरत नाही. मात्र एकाच कीनोटवर औषध ठरवायची खोड इथूनच लागते, तेवढं सांभाळा.

नॅश यांचं ‘लीडर्स’ हे औषधांवरचंच पुस्तक गोष्टीसारखं वाचावं. ऐन वेळी शोधायला ते सोयीचं नाही.

मुंबईचे डॉ. एस. आर. फाटक यांची ‘कन्साइज रेपर्टरी’ वेगळ्या कामाची. तिच्यात लक्षणावरून औषध शोधायचं. केंट यांच्या मोठ्या, प्रकरणवार रेपर्टरीत आधी योग्य प्रकरण माहीत असावं लागतं. फाटकांनी अवयव, तक्रारी, वाढ-घट सगळं इंग्रजी अक्षरक्रमाने लावलंय. रुब्रिक, म्हणजे लक्षणांची शीर्षकं, आटोपशीर, त्यामुळे बारकावे कमी मिळतात.

या पुस्तकांत परंपरेने नोंदवलेली लक्षणं आहेत, औषध लागू पडतं याचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेला २०१५ च्या आढाव्यात कोणत्याही आजारासाठी तसा भरवशाचा पुरावा आढळला नव्हता. त्यामुळे गंभीर दुखण्यात आधी डॉक्टर गाठा.

अभ्यासासाठी दोनच घ्यायची असतील, तर आधी ॲलन आणि फाटक घ्या. ॲलनमध्ये नसलेली औषधं वारंवार शोधावी लागू लागली, की बोरिक घ्या.