अळसांद्यांवरचा जाळी करपा: सहनशील बियाणे की बदललेली लागवड?

भाताची कापणी झाल्यावर उरलेल्या ओलीवर अळसांदे, म्हणजे गोव्याकडची चवळी, पेरणाऱ्या गोव्यातील शेतकऱ्यापुढे जाळी करपा या बुरशीजन्य रोगाच्या बाबतीत दोन वाटा असतात: रोग सोसणारे बियाणे आणणे, किंवा घरचे बियाणे ठेवून लागवडीची रीत बदलणे.

निवड करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जाळी करप्याची बुरशी, रायझोक्टोनिया सोलॅनी, हीच भातावर पर्णकोष करपा आणते. त्यामुळे भातानंतर कडधान्य घेतले की जमीन रोगमुक्त होते, हा समज या रोगापुरता चुकीचा आहे. चिखलणीच्या वेळी बुरशीच्या तपकिरी, मोहरीएवढ्या गाठी पाण्यावर तरंगतात आणि वाऱ्याने ढकलल्या जाऊन मेरेच्या (बांधाच्या) कडेला फेसाबरोबर साचतात. तो फेस तेव्हाच सुपाने काढून शेताबाहेर पुरला, तर पुढच्या पिकाचेही संरक्षण होते. अळसांद्यांचे खालचे पान सकाळी उलटून पाहिल्यास भिजल्यासारखे डाग आणि पानाला पान चिकटवणारे कोळिष्टकासारखे धागे दिसतात.

सहनशील वाणाचा लाभ असा की तो दरवर्षी वेगळा खर्च न करता संरक्षण देतो. मात्र घेवड्यात या रोगाला पूर्ण प्रतिकार मिळालेला नाही. प्रतिकार अंशतःच असतो, आणि उभट, मोकळ्या बांध्याच्या झाडांना जमिनीपासून दूर राहिल्यामुळेही बचाव मिळतो. चवळीवर्गीय अळसांद्यांना घेवड्यावरचे निष्कर्ष जसेच्या तसे लावू नयेत. तांबेरा किंवा विषाणूला दाद न देणारा वाण करप्यालाही तसाच टिकेल, असेही धरून चालू नये. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत अळसांद्यांचा कोणता वाण जाळी करपा सोसतो, हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारावा.

लागवडीत मला सर्वांत मोलाचे वाटते ते आच्छादन. मध्य अमेरिकेतील शेतकरी कापलेल्या तणाखाली घेवडा पेरतात. त्यामुळे पावसाच्या थेंबाबरोबर माती, आणि मातीबरोबर बुरशी, पानांवर उडत नाही. आपल्याकडे मात्र रोगट भाताचा पेंढा त्यासाठी वापरू नये, काजू-फणसाचा पाला चांगला. अंतर मोकळे ठेवावे आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी चोळावी.

हिवाळी अळसांद्यांसाठी मी घरचेच बियाणे ठेवीन, कारण पाऊस नसताना रोगाचा जोर कमी असतो आणि तोंडाकाची (अळसांद्यांच्या गोवेकरी रस्सा-भाजीची) ती चव दुसऱ्या दाण्याला नाही. ते फक्त निरोगी झाडांवरूनच राखावे. पावसाळ्यात शेंगभाजी घ्यायची असेल, तर उभट सहनशील वाण आणि पाल्याचे आच्छादन दोन्ही लागतील.