एडिसनच्या परसात ब्लूबेरी: सोळा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये न्यू जर्सीतल्या एडिसनला, आमच्या परसात लावायला ब्लूबेरीची तीन झुडपं आणली: ड्यूक, ब्लूक्रॉप आणि एलियट. दोन-दोन वर्षांची, गुडघ्याएवढी. जाती मुद्दाम वेगवेगळ्या घेतल्या. ड्यूक जूनच्या उत्तरार्धात पिकते, ब्लूक्रॉप जुलैत, एलियट ऑगस्टमध्ये. शिवाय शेजारी दुसरी जात असली की फळ मोठं धरतं. त्या तिघांतली आज दोनच जिवंत आहेत, आणि तिसरं मेलं ते थंडीने नाही, माझ्या हाताने.

ब्लूबेरी हे न्यू जर्सीचं राज्यफळ, 2003 पासून अधिकृतपणे. हॅमंटनला मैलोन्‌मैल बागा आहेत. तेव्हा आपल्या परसात काय अवघड, अशा थाटात मी खड्डे घेतले. नर्सरीतल्या माणसाने सांगितलं होतं, खड्ड्यात थोडं पीट मॉस (दलदलीतलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) टाका, बाकी काही लागत नाही. ते टाकलं, आणि वर घरची सवय म्हणून पोतंभर शेणखत. आपल्याकडे झाड लावायचं म्हटलं की आधी शेणखत, हे डोक्यात इतकं पक्कं की ते कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

जूनमध्ये ब्लूक्रॉपची कोवळी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्यागार आणि मधली जागा लिंबासारखी. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून नळ आणखी सोडला. बाबांची कराडजवळ ऊसशेती आहे. व्हिडिओ कॉलवर एक पान कॅमेऱ्यासमोर धरलं तर ते लगेच म्हणाले, "अगं, केवडा पडलाय. चुनखडीच्या रानात उसाला पडतो तसा. लोह मिळत नाही त्याला." मग कुठे मी माती रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवली. पीएच, म्हणजे आम्लतेचा आकडा (जितका कमी तितकी माती आम्ल), निघाला 6.7. ब्लूबेरीला हवा साडेचार ते पाचच्या आसपास. मातीत लोह असतं, पण आम्लता कमी असली की या झुडपाला ते उचलता येत नाही. त्यात शेणखताने पीएच आणि क्षार दोन्ही वाढवले, आणि आमच्या नळाचं पाणीही अल्कधर्मी. म्हणजे जितकं प्रेमाने पाणी घालत होते, तितकं बिघडवत होते. चिकणमातीतल्या खड्ड्यात पीट मॉस भरल्यामुळे त्याचा हौद झाला होता, ते वेगळंच. ब्लूक्रॉप उपटलं तेव्हा मुळं तपकिरी, मऊ, हाताला लागताच गळून येणारी.

त्या जुलैत एका शनिवारी आम्ही व्हाइट्सबॉगला गेलो आणि माझी चूक डोळ्यांनी दिसली. पाइन बॅरन्समधलं हे गाव. आजूबाजूला पाइनची झाडं, पायाखाली राखाडी, आम्ल रेती, ओढ्याचं पाणी चहासारखं. रानातली ब्लूबेरी लागवडीत आणणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांचं घर इथलं. अमेरिकी कृषी खात्याचे फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्ये लिहून ठेवलं होतं की ब्लूबेरीला आम्ल माती लागते. ते वाचून व्हाइटबाईंनी त्यांना आपल्याकडे बोलावलं. रानातून चांगली झुडपं शोधून आणायला गावकऱ्यांना पाच-अष्टमांश इंचाची भोकं पाडलेल्या पट्ट्या दिल्या. फळ भोकातून पडलं नाही तर झुडूप कामाचं. ज्याला सापडलं त्याचं नाव झुडपाला. रूब लीक या माणसावरून 'रुबेल' जात आली, ती आजही लावतात. 1916 मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक इथून बाजारात गेलं. आमचं एडिसन त्याच राज्यात, पण माती लाल, चिकट, शेल नावाच्या खडकाची. राज्यफळ म्हणून ते सगळ्या राज्यात उगवेल, असं मीच ठरवून टाकलं होतं.

सप्टेंबरात उरलेली दोन्ही झुडपं काढून उंच वाफ्यात हलवली. आठ फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट उंच. त्यात पाइनच्या सालीचा बारीक चुरा, पीट मॉस, थोडी जुनी माती आणि भुकटी गंधक. गंधकाला घाई चालत नाही. मातीतले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि त्याला उबेचे महिने लागतात. चहाचा चोथा, कॉफीचा गाळ, लिंबाची सालं हे सगळं मैत्रिणींनी सुचवलं होतं. वापरलेल्या कॉफीचा गाळ जवळजवळ उदासीन असतो, त्याने पीएचला ढिम्म फरक पडत नाही. पाणी आता पन्हाळीखालच्या पिंपातलं, पावसाचं. खत फक्त अमोनियम सल्फेट, तेही वसंतात, चमच्याने. मुळं अगदी वर-वर असतात, म्हणून खुरपी बंद. वर पाइनच्या सुयांचा चार बोटं थर. ब्लूक्रॉपच्या जागी पॅट्रियट लावली, ती ओलसर जड माती जरा जास्त सोसते.

नव्या झुडपाची पहिल्या वर्षीची फुलं खुडायची असतात. पांढऱ्या घंटांसारखी फुलं खुडताना जिवावर येतं, पण नाही खुडली तर झुडूप फळातच दमतं.

या जूनमध्ये ड्यूकने पहिल्यांदा हात भरला. फळ निळं झालं की लगेच तोडायचं नाही, ही माझी दुसरी शिकवण. देठाकडे एक गुलाबी कडं राहतं. तेही निळं व्हायला आणखी तीन-चार दिवस लागतात, आणि तोवर फळ आंबटढाण. पिकलेलं फळ अंगठ्याने नुसतं फिरवलं की ओंजळीत घरंगळतं. ओढावं लागलं तर कच्चं. आई-बाबा तेव्हा इथेच होते. आईने चार तोंडात टाकली आणि म्हणाली, "गोड आहेत गं. पण आपल्या करवंदाला कुणी गंधक घातलं होतं का?" तिला काय उत्तर देणार!

पाखरांचं सांगायलाच हवं. जाळी झुडपांवर तशीच पांघरली होती. एका सकाळी कॅटबर्ड पक्षी आत शिरून जाळीत अडकला. कात्रीने जाळी कापेपर्यंत तो मांजरासारखा ओरडत होता आणि मी रडकुंडीला आलेले. आता पाइपांचा सांगाडा करून जाळी ताणून बसवली आहे, एका बाजूला दार. हिवाळ्यात सशांनी कोवळ्या फांद्या कुरतडल्या, त्यासाठी खाली तारेची जाळी वेगळी.

पुण्याहून विचारणा येते, कुंडीत लावू का? माझ्याकडच्या या जातींना हिवाळ्यात सातशे-आठशे तासांहून जास्त कडक थंडी लागते. पुण्यात ती कुठून आणणार? कमी थंडीच्या सदर्न हायबुश जाती असतात, लावायचीच तर त्या शोधा, आणि आधी पाण्याचा पीएच बघा.

खर्चाचा हिशोब नवऱ्याने ठेवला आहे, मी बघत नाही. दोन झुडपांची मिळून सहा-सात वाट्या फळं झाली.

त्यातल्या एलियटच्या फळांचा शेवट गेल्या आठवड्यात झाला. मिठाच्या पाण्यात फळं घातली तर दहा मिनिटांत पांढऱ्या बारीक अळ्या वर आल्या. स्पॉटेड विंग ड्रोसोफिला नावाची माशी पिकत्या फळातच अंडी घालते आणि उशिराच्या जातीला हमखास गाठते. पुढच्या वर्षी बारीक विणीची जाळी आणायची. उरलेली फळं झुडपावरच ठेवलीत. जाळीचं दार तीन दिवस सताड उघडं आहे, पण कॅटबर्ड काही फिरकलेला नाही.