पीओआर-१५: गंजावर बसणारा, गुळगुळीत पत्र्यावर रुसणारा रंग

फोर्डची जुनी मस्टँग घरच्या गॅरेजमध्ये उघडली की इंजिनाची चिंता नंतरची, आधी पायाखालचा पत्रा बघावा लागतो. १९६५-६६च्या मस्टँगला वेगळी चासी नाही. बॉडी, तळपत्रा आणि त्याला जोडलेले रेल (लांब पोकळ तुळया) मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. कार्पेट उचलल्यावर खाली तपकिरी खवले दिसले की बहुतेकजण पीओआर-१५चा काळा डबा मागवतात. हा रंग चांगला आहे, पण त्याच्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी रंगाच्या नसून पत्रा कसा तयार केला त्याच्या असतात. उरलेल्या निम्म्या मात्र खऱ्या आहेत.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण कोणता पत्रा किती खराब असेल ते त्यावरून कळतं. न्यू जर्सीतल्या ज्या एडिसनमध्ये आज मराठी घरं भरपूर आहेत, तिथेच फोर्डचा मेटचन नावाचा कारखाना होता. तो २००४ साली बंद झाला. फोर्डने गाडीवर कोरलेल्या नंबरात वर्षाच्या आकड्यानंतर टी असेल तर ती तिथली, एफ असेल तर डिअरबॉर्नची, आर असेल तर सॅन होझेची. ६टी०७सी असं दिसलं तर १९६६ची, मेटचनची, हार्डटॉप (पक्क्या छताची), दोन बॅरलच्या कार्बोरेटरवाली, २८९ घनइंची इंजिनाची. सॅन होझेची गाडी कॅलिफोर्नियातच राहिली असेल तर तळ बराच शाबूत मिळतो. मेटचनची गाडी जर्सीतच वावरली असेल तर तिने हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ वर्षानुवर्षं खाल्लेलं असतं.

हा रंग म्हणजे ओलाव्याने कडक होणारं युरेथेन. नेहमीचा ऑइलपेंट सॉल्व्हंट उडून गेल्यावर सुकतो. हा हवेतलं बाष्प ओढून घेऊन पक्का होतो. गंजाचं तो काही रूपांतर वगैरे करत नाही. गंजाच्या खडबडीत, सच्छिद्र पृष्ठभागात शिरून वरून हवा आणि पाणी बंद करतो, एवढंच त्याचं काम. म्हणून मजबूत पण गंजलेल्या पत्र्यावर तो असा चिकटतो की हातोडी मारली तरी टवका निघत नाही, आणि चकचकीत नव्या पत्र्यावर तोच रंग दोन वर्षांनी पिशवीसारखा सोलून हातात येतो. त्या सालीखाली गंज निवांत वाढलेला असतो.

कंपनी तीन बाटल्यांचा क्रम सांगते: क्लीनर डीग्रीझर, मेटल प्रेप आणि मग रंग. पहिल्या दोन म्हणजे विक्रीची युक्ती, असं म्हणून सोडणारे बरेच आहेत. क्लीनरच्या जागी दुसरं चांगलं डीग्रीझर चालेल. मेटल प्रेप मात्र सोडू नका. त्यातलं फॉस्फोरिक ॲसिड पत्र्याला बारीक खरखरीत करतं आणि जस्ताचा पातळ फॉस्फेट थर ठेवतं. वायर ब्रशने घासून जिथे पत्रा उघडा पडला आहे, तिथे रंगाला पकड मिळते ती यानेच.

मस्टँगच्या तळाशी हे सगळं असं करावं लागतं. सीट, कार्पेट, दारांच्या उंबऱ्यावरच्या पट्ट्या काढा. मागच्या दिव्यांकडे जाणारी वायरिंगची जुडी उचलून बाजूला बांधा. फॅक्टरीतून चिकटवलेला डांबरी थर आधी काढायचाच. तो वरून धड दिसतो आणि खाली पाणी धरून ठेवतो. ड्राय आइस पसरून दहा मिनिटांनी हातोडीने ठोकला तर तुकड्यांनी सुटतो. नाहीतर हीट गन आणि पत्र्याची खरवडणी. मग अणकुचीदार टोकाच्या हातोडीने सगळा तळ ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, किंवा टोक आत शिरलं, तर तिथे रंगाचं काम नाही, पत्रा कापायचा. कंपनीची पुट्टी आणि जाळीचं कापड मिळतं, त्याने टाचणीएवढी भोकं बुजतात. पायाखालचा हातभर पत्रा त्याने बनवू नये, आणि रेल किंवा टॉर्क बॉक्सला (रेल आणि दाराखालची तुळई जोडणारी पेटी) तर अजिबात नाही. तिथे वेल्डिंगच.

वेल्डिंग रंगाच्या आधी उरकायचं. हा रंग जळला की निघणारा धूर विषारी असतो, आणि वेल्डच्या कडेचा रंग तसाही करपतो. एकावर एक येणाऱ्या दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा वेल्ड-थ्रू (वरून वेल्ड करता येणारा) प्रायमर मारा, कारण त्या फटीत नंतर कोणताच ब्रश जात नाही.

आता साफसफाई. अँगल ग्राइंडरला पिळाच्या तारेचा कप लावून सुटे खवले काढा. पत्रा आरशासारखा करायचा नाही; घट्ट बसलेला गंज राहू द्या, आणि जिथे चकाकी आली तिथे ८० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. तळातली निचऱ्याची झाकणं काढून ठेवा, म्हणजे धुण्याचं पाणी खाली जाईल. खाली घमेलं लावा. तेलकट तळाला डीग्रीझर कोमट पाण्यात निम्मं-निम्मं, घासून, सुकू न देता धुवायचं. मग मेटल प्रेप फवारायचं आणि पत्रा १५ ते ३० मिनिटं ओला ठेवायचा. मध्ये सुकायला लागलं तर पुन्हा फवारा. नंतर पाण्याने धुवायचं. सुकल्यावर पांढुरकी भुकटी दिसेल. तो जस्ताचा थर आहे, घाबरायचं कारण नाही, सुटी भुकटी तेवढी पुसा.

यापुढे बहुतेकांचं चुकतं. पत्रा हाताला कोरडा लागतो, पण दोन पत्र्यांच्या सांध्यात, सीटच्या पायांखाली आणि ट्रान्समिशनच्या उंचवट्याच्या कडेला पाणी असतं. रंग ओलाव्याने पक्का होतो म्हणून थोडं पाणी चालेल, हा समज उलटा आहे. युरेथेन पाण्याशी भिडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो. वरचा थर आधी कडक झाला तर वायू आत अडकतो आणि रंगावर फोड येतात. जाड थर दिला तरी हेच होतं, आणि दमट हवेत लवकर होतं. जर्सीतला जुलै असो की कोकणातला, नियम एकच: हीट गनने सांधे तापवून कोरडे करा, निदान एक रात्र जाऊ द्या, आणि पातळ थर द्या.

डबा हलवायचा नाही, काडीने सावकाश ढवळायचा. हलवला की हवेचे बुडबुडे आणि ओलावा आत जातो. ब्रश डब्यात बुडवायचा नाही, लागेल तेवढा रंग कपात काढून घ्यायचा. पहिला थर ब्रशने, जवळजवळ चोळल्यासारखा. रंग आपोआप सपाट बसतो, ब्रशच्या रेघा राहत नाहीत. याबाबतीत त्याला तोड नाही. दुसरा थर कधी, याचं घड्याळ बोटात आहे. हातमोजा घातलेलं बोट रंगावरून ओढा: किंचित अडखळलं पण रंग बोटाला लागला नाही, की वेळ झाली. हवेप्रमाणे दोन ते सहा तास लागतात. ती वेळ चुकली आणि रंग पूर्ण पक्का झाला, तर दुसरा थर बसणार नाही. मग संपूर्ण तळ घासा, नाहीतर कंपनीचाच टाय कोट प्रायमर (जुन्या थरावर नवा धरून ठेवणारा) मारा. संध्याकाळी सात वाजता पहिला थर देऊन झोपायला जाणाऱ्याची दुसऱ्या दिवशीची सकाळ घासण्यात जाते.

रंगांमध्ये काळा सगळे घेतात, पण खड्डे पडलेल्या तळाला पहिला थर चंदेरी द्यावा. त्यात धातूची पूड असते, त्यामुळे बारीक खड्डे आणि सुईची भोकं बरी भरतात. वर काळा दिला की कुठे रंग राहून गेला तेही लगेच दिसतं.

मस्टँगचा आतला तळ, उंचवटा धरून, साधारण ३० चौरस फूट धरा. दोन थरांना एक पाइंट थोडा कमी पडतो आणि क्वार्ट (दोन पाइंटांचा डबा) उरतो. तरी क्वार्ट घेऊ नका, दोन पाइंट घ्या. एकदा उघडलेला डबा फार दिवस टिकत नाही, आणि दुसरा पाइंट गरज पडेपर्यंत सीलबंद राहतो; त्यातला उरलेला रंग खालच्या बाजूला कामी येतो.

उन्हात हा रंग टिकत नाही, आणि ही खरी तक्रार आहे. अतिनील किरणांनी काळा रंग करडा, खडूसारखा होतो. कार्पेटखाली किंवा गाडीच्या पोटाखाली त्याने बिघडत नाही, पण चाकांच्या कमानी, रॉकरच्या (दाराखालच्या तुळईच्या) खालची कड, रेडिएटरच्या आधाराचा पत्रा इथे वरून टॉपकोट हवाच. तोही बोट अडखळतं त्याच वेळात मारायचा. म्हणजे एक डबा आणखी, एक दिवस आणखी. किमतीचा हिशोब करताना हे धरत नाहीत आणि मग महाग पडला म्हणून ओरडतात. सांध्यांवरचा सीम सीलर मात्र रंग पक्का झाल्यावर, घासून, वरून भरायचा.

वायपरखालच्या काउलसाठी (पुढच्या काचेच्या पायथ्याशी हवा आत घेणारी पेटी) हा रंग वापरू नका. मस्टँगचा तळ सडतो त्याचं मूळ बहुधा तिथेच असतं. काउलच्या खालच्या पत्र्यात हवेच्या भोकांभोवती उभ्या कडा आहेत; पानं आणि माती साचून त्या कडा गंजतात आणि पावसाचं पाणी थेट पाय ठेवायच्या जागी गळतं. जाळीतून नळीने पाणी सोडा आणि डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बघा, दोन मिनिटांत कळेल. जाळीतून आत रंग ओतायचा उपाय लोक करतात. आत धुता येत नाही, घासता येत नाही, मातीवर रंग बसतो आणि पुढच्या हिवाळ्यात मातीसकट सुटतो. स्पॉट वेल्ड ड्रिल करून वरचा पत्रा काढणं कंटाळवाणं आहे, पण ते टाळून तळ रंगवणं म्हणजे गळक्या छपराखाली जमीन सारवणं.

रेलच्या आतही ब्रश जात नाही. तिथे ईस्टवुड कंपनीचं इंटर्नल फ्रेम कोटिंग घ्या. लांब नळीच्या टोकाला सगळीकडे फवारणारं तोंड आहे, नळी आत घालून हळूहळू मागे ओढायची.

दुसरे पर्याय? चॅसिस सेव्हर नावाचा रंग याच जातीचा, सहसा स्वस्त, थोडा घट्ट. तयारी तेवढीच आणि उन्हाचा त्रासही तोच. ईस्टवुडचा रस्ट एन्कॅप्स्युलेटर स्प्रेच्या डब्यात मिळतो, सुटसुटीत आहे, पण थर इतका कडक होत नाही. नवीन तळपत्रा बसवला असेल किंवा सँडब्लास्ट करून पत्रा पांढरा केला असेल तर पीओआर-१५ विसरा, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर घ्या. नव्या पत्र्यावर कारखान्यातूनच येणारा काळा थर आधी घासून, वेल्डच्या जागी पूर्ण काढून.

सुरक्षेबद्दल: यात आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन आहे. ब्रशने काम करताना गॅरेजचं दार उघडं, पंखा बाहेर हवा फेकणारा, ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा मास्क. कंप्रेसरवर फवारायचा असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर फवारू नका. हातमोजे दोन जोड घाला. कातडीवर सुकलेला डाग कशाने जात नाही, आठवडाभराने कातडीबरोबरच जातो. ओला असेपर्यंत थिनरने ब्रश स्वच्छ निघतो, पण स्वस्तातला ब्रश फेकून देणं परवडतं.

राहिला डबा. झाकणाच्या खोबणीत रंग लागला तर झाकण कायमचं चिकटतं, आणि पक्कड लावली तर डबाच फाटतो. खोबण पुसा, वर प्लास्टिकचा कागद टाका, मग झाकण दाबा. त्याहून बरं म्हणजे झाकण उघडायचंच नाही: त्यात पत्र्याचा स्क्रू फिरवा, रंग त्या भोकातून कपात ओता आणि स्क्रू परत घट्ट बसवा. थंड जागी डबा जास्त टिकतो. उरलेल्या डब्याचं झाकण वर फुगलेलं दिसलं तर आत ओलावा गेला आहे. त्यावर जाड फडकं टाकून, तोंड बाजूला ठेवून स्क्रू सावकाश सैल करा.