बाउंड्री वॉटर्स आणि क्वेटिको: परमिटं, सीमा आणि कनू, एका मोसमाच्या वापरानंतर

मिनेसोटातल्या मराठी मंडळींत उन्हाळा जवळ आला की बाउंड्री वॉटर्सचा, म्हणजे कॅनडाच्या सीमेलगतच्या तळ्यांच्या रानाचा, विषय निघतोच. कनू, म्हणजे वल्हवायची हलकी होडी, कुठली, तंबू कुठला, डास किती, यावर भरपूर बोलणं होतं. परमिटं आणि कॅनडाची सीमा यावर फारसं कुणी बोलत नाही आणि बेत फिसकटतात ते नेमके तिथेच. 2025 च्या जानेवारीपासून मोसम संपेपर्यंत मी अमेरिकेची आणि सीमेपलीकडच्या क्वेटिको पार्कची, म्हणजे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची, दोन्हीकडची व्यवस्था वापरली. त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगते: तळ्यांचा नकाशा उघडण्याआधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा. कुठून आत शिरायचं, हे गटातल्या सर्वांत अडचणीच्या कागदपत्रांवरून ठरतं.

अमेरिकेची बाजू सोपी आहे. सुपीरियर नॅशनल फॉरेस्टमधला हा साधारण 11 लाख एकरांचा पट्टा, हजारावर तळी. 1 मे ते 30 सप्टेंबर मुक्कामाच्या परमिटांना कोटा असतो आणि आरक्षण जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी 9 वाजता, मिनेसोटाच्या घड्याळाप्रमाणे, रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर उघडतं. लहान कोट्याच्या जागा बघता बघता जातात, म्हणून लॉगिन आणि कार्ड आदल्या रात्रीच तपासून ठेवावं. कोटा फक्त प्रवेशाच्या जागेला आणि तारखेला असतो. आत गेल्यावर कुठे मुक्काम करायचा, कुठून बाहेर पडायचं, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. आरक्षणाचे 6 डॉलर आणि मोठ्या माणसाचे 16 डॉलर, तेही संपूर्ण सहलीचे. एवढ्या पैशांत एवढं मोकळं रान मिळतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

एक गोष्ट मात्र आरक्षण करतानाच नीट करा. परमिट गटप्रमुखाच्या नावावर निघतं, दुसऱ्याला देता येत नाही. सोबत तीन पर्यायी प्रमुखांची नावं घालता येतात, पण ती तेव्हाच, मागाहून नाही. तिन्ही भराच. आमच्यातल्या एकीला ऐनवेळी भारतात जावं लागलं आणि परमिट तिच्या नावावर होतं. पर्यायी नाव होतं म्हणून बाकीच्यांची सहल वाचली.

जूनमधल्या त्या सहलीत दोघंजण एचवनबीवर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर होते, कॅनडाचा व्हिसा नव्हता. बासवूड, नाइफ, सॅगनागा या तळ्यांच्या मधूनच सीमा जाते. पाण्यावर कुंपण नाही की रेघ नाही. 1842 च्या वेबस्टर-ॲशबर्टन तहाने इथले नेहमीचे जलमार्ग आणि पोर्टेज, म्हणजे होडी डोक्यावर घेऊन चालायच्या वाटा, दोन्ही देशांच्या नागरिकांना खुल्या ठेवल्या आहेत. तहाचा हा आधार बरेचजण सगळ्यांना लागू धरतात, पण तो दोन देशांच्या नागरिकांपुरता आहे. व्हिसावरच्या माणसाने त्यावर विसंबू नये. आम्ही मुक्काम, जेवण, पोर्टेज सगळं अमेरिकेच्या काठाने केलं आणि कशाचीही उणीव भासली नाही.

ऑगस्टमध्ये क्वेटिकोला गेलो ते फक्त अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाले. तिथलं आरक्षण ओंटारिओ पार्क्सकडे, पाच महिने आधी उघडतं, आणि पैसे माणशी दर रात्रीचे, म्हणजे खर्च बराच वाढतो. भारतीय पासपोर्टासोबत खरं ग्रीनकार्ड असलं की कॅनडाचा व्हिसा लागत नाही. सीमेसाठी आमच्याकडे दुर्गम भागातून प्रवेश करण्याचा कॅनडाचा परवाना होता, ज्याला सगळे आरएबीसी म्हणतात. तो फक्त या दोन देशांच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना मिळायचा. 2024 च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या अर्जांची छाननी थांबली, जुन्या परवान्यांची मुदत वाढवत नेली आणि 14 सप्टेंबर 2026 पासून ही योजनाच बंद होतेय. पुढे नाक्यावर जाऊन किंवा ठरवून दिलेल्या ठिकाणाहून फोन करून नोंद करावी लागेल. त्यामुळे जुन्या प्रवासवर्णनांतली माहिती जशीच्या तशी वापरू नका.

अमेरिकेच्या बाजूच्या मूस लेकवरून मोटरबोटीने सीमेवरच्या प्रेअरी पोर्टेजला गेलो. कनू बोटीवरच्या रॅकवर उलट्या बांधतात आणि न्यूफाउंड, सकर ही तळी मागे पडतात. उतरल्यावर कॅनडाच्या बाजूला पार्कचं छोटं ठाणं आहे. तिथल्या रेंजरबाईंनी एकेकाचा परवाना आणि पासपोर्ट पाहिला, मग मासेमारीचं लायसन्स. ओंटारिओचं लायसन्स वेगळं काढावं लागतं, मिनेसोटाचं चालत नाही. क्वेटिकोत जिवंत आमिष चालत नाही आणि गळाला उलटा काटा नको. माझ्या नवऱ्याने एकेक गळ पक्कडीत धरून काटा दाबून सपाट केला होता. रेंजरबाईंनी त्यातला एक कापसाच्या बोळ्यात ओढून पाहिला. अडकला नाही, तशी मान हलवली. हे काम घरी, चांगल्या उजेडात करून ठेवा.

खाण्यापिण्याचे डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या दोन्हीकडे बंद आहेत. लोणचं प्लास्टिकच्या डबीत भरा. भाजणी, मेतकूट, भडंग यांना काहीच अडचण नाही. अस्वलासाठीचा स्प्रे नेता येतो, पण डब्यावर तो प्राण्यांसाठी असल्याचं छापलेलं हवं. माणसांवर वापरायचा मिरीस्प्रे कॅनडात बेकायदा आहे. आणि गटात कुणावर दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा सिद्ध झाला असेल तर त्याला कॅनडात प्रवेश नाकारला जाऊ शकतो. हे विचारायला अवघड वाटतं, तरी फेब्रुवारीतच विचारून घ्या.

क्वेटिकोत मुक्कामाच्या जागांवर बाउंड्री वॉटर्ससारखी लोखंडी चूल नाही, संडास नाही, पाटी नाही. मला ते जास्त आवडलं. लहान मुलं बरोबर असतील तर मी अमेरिकेचीच बाजू सुचवेन. परत येताना अमेरिकेत दाखल झाल्याची नोंद करावी लागते. आम्ही ती अमेरिकेच्या सीमाखात्याच्या सीबीपी रोम ॲपवर केली. त्यात प्रत्येकाची माहिती निघण्याआधीच भरून ठेवा, कारण तळ्यावर फोनला रेंज नसते.

एचवनबीवाल्यांनी क्वेटिकोचा नाद सोडावा असं अजिबात नाही. कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा काढून इंटरनॅशनल फॉल्सहून फोर्ट फ्रान्सिसच्या नाक्यावरून गाडीने जायचं, पुढे ॲटिकोकन आणि तिथून उत्तरेच्या बाजूने निम लेक किंवा फ्रेंच लेक. पासपोर्टवरच्या अमेरिकेच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली असली तरी आय-94, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि मुक्कामाच्या मुदतीची नोंद, चालू असेल आणि कॅनडातला मुक्काम 30 दिवसांच्या आत असेल, तर साधारणपणे त्याच शिक्क्यावर परत येता येतं. मात्र तिथे असताना नव्या शिक्क्यासाठी अर्ज केला तर ही सोय जाते. जूनमधले आमचे ते दोघं आता याच वाटेने निघणार आहेत. व्हिसाचे अर्ज त्यांनी आधी भरले, तळं नंतर निवडणार.