रोलर कोस्टरचा लूप: गोल की थेंबासारखा?

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 1895 मध्ये 'फ्लिप फ्लॅप रेल्वे' ही रोलर कोस्टर सुरू झाली. तिचा लूप, म्हणजे गाडीला उलटं करून आणणारा उभा फेरा, जवळपास वर्तुळच होता. बसणाऱ्यांच्या माना दुखायच्या, आणि त्यात नवल काहीच नाही.

हिशेब बघा. गोल लूपच्या माथ्यावर गाडी रुळाला जेमतेम टेकून जायची म्हटली, तरी तळाशी प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सहापट भार येतो. 60 किलोच्या माणसाला आपण 360 किलोचे झालो असं वाटणार! आणि सपाट रुळावरून वर्तुळात शिरताच हा भार एकदम येतो. मानेला सावरायला उसंतच नाही.

थेंबाच्या आकारात वळण तळाशी पसरट, माथ्यावर आवळलेलं. वेग जास्त तिथे त्रिज्या मोठी, कमी तिथे लहान. त्यामुळे भार हळूहळू चढतो आणि आटोक्यात राहतो.

1901 मध्ये एडविन प्रेस्कॉटने कोनी आयलंडवरच लंबगोल लूप करून पाहिला होता. थेंबाच्या आकाराचा खरा जम बसला तो 1976 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन या मनोरंजन उद्यानाच्या 'रिव्होल्यूशन' कोस्टरवर. तिचं गणित जर्मन अभियंते वेर्नर श्टेंगेल यांचं. रेल्वेच्या वळणांना हीच वक्ररेषा कधीपासून वापरात होती. कोस्टरवाल्यांना मात्र जाग आली इतक्या उशिरा!

गोल लूपच्या बाजूने बोलायचं तर आखायला सोपा, एवढंच. खोपोलीजवळच्या इमॅजिकात गेलात, तर 'नायट्रो'चा लूप आधी बाजूने बघा आणि मग रांगेत लागा.