डिस्कार्ड की एफएसट्रिम?

धाकट्याने लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि विचारलं, "दादा, एफएसटॅबमध्ये डिस्कार्ड लिहू, की एफएसट्रिमचा टायमर पुरे?"

दोन्हींचं काम एकच: पुसलेल्या फाइलींची जागा आता मोकळी आहे असं एसएसडी ड्राइव्हला कळवायचं, म्हणजे तो ती खरोखर रिकामी करू शकतो. यालाच ट्रिम म्हणतात. डिस्कार्ड हा एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या फाइलीत लिहायचा पर्याय, तर एफएसट्रिम ही ट्रिम करणारी आज्ञा, टायमर ती ठरल्या वेळी चालवतो.

वेगात टायमर सरस. डिस्कार्ड लावलं की फाइल पुसताच ट्रिमचा हुकूम सुटतो. साटा या ड्राइव्ह-जोडणीच्या ३.१ आवृत्तीआधीच्या ड्राइव्हवर तो रांगेत बसत नाही, बाकीचं वाचन-लेखन अडवून धरतो. हजारो बारक्या फाइली उडवताना हे चांगलंच जाणवतं. टायमर आठवड्यातून एकदाच, सोमवारी, सगळं झाडतो.

खटपट? उबुंटू या लिनक्समध्ये टायमर आधीपासूनच चालू असतो.

चुकून पुसलेली फाइल परत मिळायची थोडी आशा टायमरमध्ये उरते, तीही सोमवारपर्यंतच. बॅकअप घे बाबा!

घरच्या लॅपटॉपला टायमरच. डिस्क कायम काठोकाठ, लिहिणं-पुसणं अखंड आणि ड्राइव्ह नवा एनव्हीएमई (साटाहून वेगवान जोडणीचा) असेल, तर डिस्कार्ड. बीटीआरएफएस ही फाइलसिस्टम वापरणाऱ्यांना लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ६.२ पासून डिस्कार्ड आपोआपच मिळतं.